विचारा की! : लंडनचं तिकीट आणि कामिरीथूचं मैदान

मागच्या अंकात न्गुगी वा थिओंगो या केनियाच्या लेखकावर लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं एरवीपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यातली निम्मी भांडणाची. मला ते आवडतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. 1977 मध्ये न्गुगींनी आपल्या कामिरीथू गावातल्या शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक केलं. सरकारनं ते बंद पाडलं आणि खटला न चालवता त्यांना वर्षभर तुरुंगात ठेवलं. 1982 मध्ये ते लंडनला गेले असताना परतीची वाट बंद झाली, ती 2004 पर्यंत. 28 मे 2025 ला अमेरिकेत त्यांचं निधन झालं, 87 वर्षांचे होते. आता पत्रं.

प्रश्न : बाई, लेख चांगला आहे, पण एक गोष्ट घशाखाली उतरेना. हा माणूस लंडनला गेला आणि तिकडंच राहिला. ज्यांनी त्याच्याबरोबर नाटक केलं ती गरीब माणसं गावातच राहिली ना? आमचे सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन कुठं पळून गेले होते? बाहेर जाणाऱ्याला एवढं डोक्यावर का घ्यायचं?
— एक निवृत्त जॉबर, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर भांडते.

आधी भांडण. न्गुगी पळून गेले नव्हते. जून 1982 मध्ये एका पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशनाला गेले होते, काम झालं की परत यायचं होतं. तिकडं असतानाच घरून निरोप पोचला की विमानतळावर तुमच्यासाठी लाल गालिचा अंथरून ठेवलाय. तुम्हा-आम्हाला कुणी असा निरोप दिला तर आपण नवा शर्ट काढू. त्यांना अर्थ कळला. उतरल्या उतरल्या अटक.

आणि तो तुरुंग त्यांनी आतून पाहिलेला होता. 1977 च्या डिसेंबरअखेरीला मध्यरात्री पोलीस घरी आले आणि घेऊन गेले. आरोप नाही, कोर्ट नाही, वकील नाही. कामिती तुरुंगात नावाऐवजी नंबर. लिहायला कागद नव्हता, तेव्हा संडासासाठी मिळणाऱ्या कागदावर त्यांनी कादंबरी लिहिली. तो कागद खरखरीत असायचा, कैद्याला शरीरालाही सुख मिळू नये म्हणून. पण खरखरीत होता म्हणूनच त्यावर पेन टिकलं. लिहून होत आलेलं ते बाड झडतीत सापडलं, जप्त झालं आणि काही आठवड्यांनी एका नव्या अधिकाऱ्यानं परत दिलं. टिळकांच्या मंडालेच्या वह्या तुम्हाला आठवल्या असतील. शाई मिळत नव्हती म्हणून पेन्सिलीनं लिहिलेलं ‘गीतारहस्य’ सरकारनं सुटकेनंतरही काही काळ ठेवून घेतलं होतंच की. सरकार कुठलंही असो, लिहिलेल्या कागदाची त्याला वाचणाऱ्यांपेक्षा जास्त काळजी.

न्गुगींना आत टाकलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जोमो केन्याटा, आणि गृहखातं होतं डॅनियल अराप मोई यांच्याकडे. 1978 च्या ऑगस्टमध्ये केन्याटा वारले, मोई राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी कैद्यांना सोडलं. ज्याच्या खात्यानं कुलूप लावलं त्यानंच ते उघडलं, म्हणजे किल्ली त्याच्याच खिशात राहिली. 1982 मध्ये परत येणं म्हणजे त्याच माणसाच्या हाती पुन्हा सापडणं होतं. तेव्हा ‘आलाच नाही’ असं म्हणताना एवढं लक्षात ठेवा.

आता आपले चार हुतात्मे. 12 मे 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. त्यांच्यापुढं लंडनचं तिकीट कुणी ठेवलंच नव्हतं. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, हे चार पुतळ्यांपाशी हार घालणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक असतं? आपण त्यांना पुढारी म्हणून ओळखतो, संपादक म्हणून नाही. समजा, त्यांना कुणी रातोरात निजामाच्या हद्दीत नेऊन सोडलं असतं आणि पुढं पंचवीस-तीस वर्षं ते पत्र चालत राहिलं असतं, तर आपण त्यांना भेकड म्हणालो असतो? मला तरी ती पंचवीस-तीस वर्षं हवी होती. फाशी गेलेल्यांना मान द्यायचा म्हणून वाचलेल्यांकडं संशयानं बघायचं, हे मला पटत नाही.

आता मान्य असलेला अर्धा. नाटक काही न्गुगींच्या डोक्यातून निघालं नव्हतं. गावातली एक बाई त्यांच्याकडं येत राहिली. म्हणणं एकच, एवढे शिकलात, पुस्तकं लिहिता, ते शिक्षण गावाला का देत नाही? बाईनं पिच्छा सोडला नाही, म्हणून हे गेले. मग लोकांनीच मोकळ्या मैदानावर दोन हजारांवर माणसं बसतील असं नाट्यगृह उभं केलं. तिथल्याच लिमुरूच्या बाटा कारखान्यातले कामगार, चहाच्या मळ्यातले मजूर, शेतकरी, हे नट. तालमी उघड्यावर, बघायला सगळं गाव. म्हातारी माणसं मध्येच उठून सांगायची की असं कुणी बोलत नाही, आणि वाक्य बदललं जायचं. 2 ऑक्टोबर 1977 ला पहिला प्रयोग झाला, 16 नोव्हेंबरला परवाना रद्द. 1982 च्या मार्चमध्ये ट्रक भरून पोलीस आले आणि ते नाट्यगृह जमीनदोस्त करून गेले.

त्याच वर्षी एक न्गुगी लंडनला राहिले. नाटकाचे सहलेखक, त्यांचंही नाव न्गुगीच, न्गुगी वा मिरी, ते झिंबाब्वेला गेले. पदव्या होत्या, बाहेर ओळखी होत्या, जाता आलं. बाटातल्या कामगाराला कोण व्हिसा देणार होतं? पासपोर्ट हीसुद्धा इस्टेटच असते, काका. हे देणं न्गुगींच्या अंगावर राहिलं असं मी मानते. लंडनमध्ये ते केनियातल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी समितीत काम करत होते, लिहीत होते, सगळं खरं. मैदान मात्र गेलं ते गेलं. गिरण्या बंद पडल्यावर आपल्या चाळींमधले कलापथकवाले कुठं पांगले ते तुम्ही पाहिलंय, तेव्हा जास्त सांगत नाही.

प्रश्न : आपलं मासिक घरात सगळे वाचतात. त्यात हे परदेशी राजकारण कशाला?
— एक वाचिका, विजापूर रोड

उत्तर : गेल्या महिन्यात शेंगाचटणीवर चार पानं होती. मी वाचली, उखळात कुटून करूनही बघितली, फक्कड झाली. मला दोन पानं द्या की.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरी तेलुगु बोलतात, मी शाळा मराठीतून केली आणि आता बी.ए. करतेय. आई विड्या वळते. तुम्ही लिहिलं होतं की न्गुगींनी इंग्रजीत नाव कमावल्यावर कादंबरी लिहायला आपली भाषा घेतली. मी कविता मराठीत लिहिते. तेलुगुत लिहायला हवं का? मला तेलुगु लिपी धड येत नाही.
— पद्मशाली घरातली एक मुलगी

उत्तर : पोरी, हवं का नको हे मी सांगणार नाही. न्गुगींनी घेतलेला निर्णय तुरुंगात घेतलेला होता. इंग्रजी नाटकं-कादंबऱ्या लिहीत होते तोवर सरकारनं त्यांना हात लावला नव्हता. गिकुयूत नाटक केलं आणि सहा आठवड्यांत परवाना गेला. सरकारला कशाची भीती वाटते ते त्यांना तिथं कळलं. तुझ्यावर असली वेळ आलेली नाही, तेव्हा त्यांच्या निर्णयाचं ओझं घेऊ नकोस.

पण त्यापुढं काय झालं ते ऐक. संडासाच्या कागदावरची ती कादंबरी 1980 मध्ये गिकुयूत छापली गेली. पुस्तक सगळ्यांना विकत घेणं शक्य नव्हतं आणि सगळ्यांना वाचताही येत नव्हतं. मग घरात एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचन व्हायचं, बसमध्ये व्हायचं, दारूच्या गुत्त्यातही व्हायचं. गुत्त्यातले वाचणारे भलते हुशार. गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटायचं आणि रिकामा ग्लास पुढं सरकवायचा. ऐकणाऱ्यांनी ग्लास भरला की पुढचं पान. आपल्याकडं श्रावणात पोथी लावतात ना, एकजण वाचणारा, एकजण अर्थ सांगणारा आणि भोवती कामं बाजूला ठेवून बसलेल्या बायका, अगदी तसं. फक्त नैवेद्य वेगळा.

तुला एक करता येईल. लिपी येत नसेल तर देवनागरीत लिही, पण घरात आई आणि शेजारणी बोलतात तसं तेलुगु, आपल्या सोलापूरचं, मराठी-कन्नड मिसळलेलं, एक पानभर उतरव. आंध्रातल्या पुस्तकातलं नको. आई आणि शेजारणी मांडीवर सूप घेऊन बसल्या, पानं कापून झाली, हात चालू झाले की मोठ्यानं वाचून दाखव. विडी वळताना डोळे आणि हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्या कुठं हसतात, कुठं ‘असं नाही गं म्हणत’ म्हणतात, ते लगेच पेन्सिलीनं टिपून ठेव. कामिरीथूत तालमीला हेच व्हायचं. मराठी कविता सोडायचं कारण नाही, त्या मला पाठव.

प्रश्न : बावीस वर्षं परदेशातल्या विद्यापीठांत शिकवून, सुरक्षित खुर्चीत बसून मायदेशाबद्दल लिहिलेलं खरं मानायचं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : बाळा, खरं-खोटं ठरवायला सरकारच्या वागण्यासारखा दुसरा पुरावा नाही. 1986 मध्ये परदेशात राहून लिहिलेली त्यांची गिकुयू कादंबरी केनियात आली. तिचा नायक मातिगारी नावाचा माणूस, जंगलातून परत येतो आणि गावोगाव विचारत फिरतो की सत्य आणि न्याय कुठं मिळेल. लोक त्याच्याबद्दल इतकं बोलायला लागले की गुप्तचरांनी वर कळवलं, मातिगारी नावाचा इसम देशभर फिरून सरकारविरुद्ध बोलतोय. त्याला पकडायचा हुकूम निघाला. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा कळलं की इसम कादंबरीतला आहे. मग 1987 मध्ये पुस्तकांच्या दुकानांतून त्या कादंबरीच्या प्रती उचलल्या. ही हकीकत न्गुगींनीच सांगितलेली आहे. लेखकाला देशात पाऊल टाकता येत नव्हतं आणि त्याचं पात्र मात्र वॉन्टेड होतं! खुर्ची परदेशात होती म्हणून लिहिलेलं फुसकं ठरलं असतं तर पोलीस दुकानात कशाला गेले असते?

तुझ्या शंकेतलं एक मात्र खरं. लांब राहिलं की लेखन बदलतं. त्यांची शेवटची मोठी कादंबरी एका काल्पनिक देशात घडते, तिथला हुकूमशहा आभाळाला शिडी लावायच्या गोष्टी करतो. हसून हसून पोट दुखतं, पण लिमुरूचा चिखल पायाला लागत नाही. मला त्यांची सुरुवातीची पुस्तकं जास्त आवडतात. तुला दुसरी आवडतील, तू तरुण आहेस.

प्रश्न : मोईंची सत्ता गेल्यावर न्गुगी परत आले असं तुम्ही लिहिलं, आणि शेवटी मृत्यू अमेरिकेत झाला असंही लिहिलं. मग परत आले म्हणजे काय? राहिले का नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, होटगी रोड

उत्तर : जागेअभावी मी हा भाग गाळला होता. गुरुजी, बरं झालं विचारलंत.

मोईंनी 24 वर्षं राज्य केलं. 2002 च्या डिसेंबरात त्यांनी पुढं केलेला उमेदवार पडला आणि मवाई किबाकी निवडून आले. मोई असेपर्यंत पाऊल ठेवणार नाही, हे न्गुगींनी पाळलं होतं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्युगोनंही असंच केलं होतं. 1859 मध्ये तिसऱ्या नेपोलियननं माफी जाहीर केली, बरेच निर्वासित परतले, ह्युगो बेटावरच राहिला आणि 1870 मध्ये बादशाही कोसळल्यावर पॅरिसला आला. ज्यानं घालवलं त्याच्या मेहेरबानीनं यायचं नाही, असा हा हट्ट. मला तो पटतो.

न्गुगी 2004 च्या जुलैअखेरीला आले, पत्नी न्जेरी बरोबर. विमानतळावर स्वागताला गर्दी होती, या खेपेला खरोखरचं स्वागत. बरोबर नवी गिकुयू कादंबरी होती, तिच्या प्रकाशनासाठी आणि व्याख्यानांसाठी दौरा ठरला होता. दोन आठवडेही झाले नसतील, 11 ऑगस्टच्या रात्री नैरोबीतल्या त्यांच्या मुक्कामाच्या जागेत हत्यारं घेऊन चारजण घुसले. न्गुगींना मारहाण केली, त्यांच्या चेहऱ्यावर सिगारेटचे चटके दिले. न्जेरींवर अत्याचार केला. लॅपटॉप आणि पैसे नेले. पोलिसांच्या लेखी ती चोरी. न्गुगींनी कायम सांगितलं की ही साधी चोरी नव्हती.

न्जेरींचं मला विशेष वाटतं. घडलं ते त्यांनी लपवलं नाही, नाव न झाकता जाहीरपणे सांगितलं. दोघं अमेरिकेला गेली, पण साक्ष द्यायला पुन्हा नैरोबीला आली. परतीची गोष्ट सांगताना सगळे नवऱ्याचीच सांगतात. माझ्या मते दुसऱ्यांदा विमानात बसलेली ती बाई या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धीराची.

‘राहिले का नाहीत’ हे विचारताना आणखी एक ध्यानात घ्या. 1955 मध्ये, इंग्रजांच्या अमलात, हा मुलगा बोर्डिंगच्या शाळेतून पहिली सुट्टी लागली म्हणून घरी आला आणि घर जागेवर नव्हतं. घरच काय, अख्खी वस्ती नव्हती. गोऱ्या राजवटीविरुद्ध उठलेल्या माऊ माऊच्या बंडखोरांना भाकरी मिळू नये म्हणून इंग्रजांनी लोकांना हलवून कुंपणातल्या नव्या वसाहतीत कोंबलं होतं. सतरा वर्षांचं पोर पेटी घेऊन मोकळ्या जागेत उभं. गोऱ्यांच्या हुकुमानं एकदा घर गेलं, काळ्यांच्या हुकुमानं नाट्यगृह गेलं, आणि म्हातारपणी आले तर मुक्कामाच्या खोलीत ही रात्र. यानंतर अमेरिकेत शिकवायला गेले तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. अधूनमधून येत राहिले, व्याख्यानं दिली, गिकुयूत लिहीत राहिले. गुरुजी, मुक्काम कुठं आहे यावरून परत आला की नाही हे ठरवायचं असेल, तर आपली निम्मी पोरं पुण्यात आहेत, त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा.

प्रश्न : 2015 मध्ये न्गुगी केनियाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांना भेटले. ज्यांच्या राजवटीत ते तुरुंगात गेले त्या जोमो केन्याटांचे हे चिरंजीव. हे शोभलं का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बापाच्या करणीचा जाब मुलाला विचारावा असं माझं म्हणणं नाही. पण 2002 मध्ये मोईंनी आपल्या जागी उभा केलेला आणि पडलेला उमेदवार म्हणजे हेच उहुरू. पुढं 2013 मध्ये ते निवडून आले. म्हणजे बापानं आत टाकलं, मोईंनी बाहेर ठेवलं, आणि दोघांचा वारस हसत हस्तांदोलन करतोय. न्गुगींच्या पहिल्या कादंबरीला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्तानं ती वारी होती, लेखकाचं वय 77. त्या वयात रुसून बसण्यापेक्षा भेटणं बरं, असं माझ्या भावाचं मत. मला ते तितकंसं पचलं नाही.

जायला हरकत नाही, पण मी असते तर रिकाम्या हातानं उठले नसते. 1977 चा तो परवाना कुणी आणि कशासाठी रद्द केला, 1982 मध्ये नाट्यगृह पाडायचा हुकूम कुणाच्या सहीचा होता, याचं उत्तर मागितलं असतं. लेखी, सरकारी शिक्क्याचं. आणि ते माझ्या नावे नको म्हणून सांगितलं असतं. नाटकात काम केलेल्या माणसांच्या नावे द्या, कामिरीथूच्या पत्त्यावर, त्यांना वाचता येईल अशा गिकुयूत.